काशाचं घड्याळ

अख्ख्या कोल्हापुरात पितळ चमकवावं तर मीच, असं मी कुणालाबी छातीठोक सांगतोय. आता निम्मं कोल्हापूर स्टीलमधी जेवतंय, उरलेल्या निम्म्याला माझं दुकान ठावं न्हाय, आन ज्यांस्नी ठावं हाय ती माणसं लांबनंच "आत्ता नको, लग्नसराईत बघू" म्हणत पुढं जात्यात.

दुकान म्हंजे तरी काय. एक फळी, एक मोटर आन मोटरीला लावलेलं कापडाचं जाड चाक. चाक फिरतंय, त्येला लाल मसाला लावायचा आन भांडं टेकवायचं. दिवस मावळंपतूर तोंड असं काळं हुतंय की घरचं कुत्रंबी आधी वास घेतंय, मग शेपूट हलवतंय. शाळा तिसरीपतूर. मास्तर म्हणलं, ह्यो वर्गात बसला तर बाकीच्या पोरांचं नुकसान हाय. म्हणून मी बाहेर बसलो. तेवढीच माझ्या हातनं झालेली समाजसेवा.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायची ऱ्हायली. माझ्याकडं येणारं माणूस 'पॉलिश' ह्यो शब्द कधी काढत न्हाय. बाई येती, पिशवीतनं समई काढती, फळीवर ठेवती आन म्हणती, "बघा जरा हिच्याकडं." देवळातला पुजारी प्रभावळ आणून ठेवतोय, त्योबी तेच म्हणतोय, "बघ रं जरा." तेवढं बोललं की ठरलं. मीबी इचारत न्हाय, तीबी सांगत न्हाईत. ह्ये मी आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढं मी जे केलं त्यात मला अंग चोरून उभं ऱ्हायाला एवढीच जागा हाय.

मला दोस्त एकच. आम्ही दोघं एकाच विहिरीत पवायला शिकलो. म्हंजे त्यो शिकला. मी पाठीला पत्र्याचा डबा बांधून उडी मारली. डब्याला भोक हाय ह्ये डब्याला ठावं हुतं, मला न्हवतं. त्येनं बुडी मारून मला केसाला धरून वर काढला. पुढं कितीतरी वर्सं त्यो माझी वळख करून देताना म्हणायचा, "ह्यो बी पाणबुड्या हाय. फकस्त वर याचं शिकला न्हाय."

त्यो खरंच पाण्यातला माणूस. कुणाची कळशी पडू दे, पंपाचा पाईप निसटू दे, त्येला बोलवायचं. आत गेला की वर आम्ही आकडं मोजत बसायचो आन त्यो बाहेर आला की म्हणायचा, "कशाला मोजताय, मला बाहेर यायचंच न्हवतं." पुढं गोव्याच्या बंदरात कामाला लागला. जहाजाच्या बुडाला शेवाळ धरतंय, शिंपलं चिकटत्यात. पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली जायाचं आन ते खरवडून काढायचं.

मी म्हणलो, "मंग तू बी घासतोसच की लेका. मी समई घासतो, तू जहाज."

"व्हय," म्हणला. "पर तुझी समई तुझ्या अंगावर आली तर तू मरत न्हाईस."

पाच-सहा वर्सांमागं त्यो सुट्टीला आला तवा हातात एक जाड घड्याळ हुतं. लखलखीत पिवळं, सोन्यावानी. मला वाटलं पोरगं सोन्यात गेलं. हातात घेतलं, नखानं वाजवलं. आमचं आयुष्य ह्यात गेलंय, मला लगीच कळलं.

"मर्दा, ह्ये काशाचं हाय!"

"व्हय, काशाचंच."

"काशाची वाटी माणसं तूप लावून तळपायाला घासत्यात. तू मनगटाला बांधलीस?"

त्यो हसला. मग समजावून सांगाय लागला. जुन्या काळी पाणबुडं जसली घड्याळं वापरायचं, तसलंच हुबेहूब आत्ता नव्यानं केलंय. महाग वस्तू हाय. किंमत सांगितली, मी परत सांगाय लावली, मग आतनं बायकोनं ऐकली आन तिच्या हातनं पळी पडली. मी काटं बघितलं, आकडं बघितलं. आकड्यांवरचा रेडियम पिवळसर पडलेला.

"लेका, फसवलं की तुला. नवं म्हणतोस आन आकडं आधीच पिवळं पडल्यात."

"ते मुद्दाम केलंय. जुनं दिसावं म्हणून."

"जुनं दिसायला एवढं पैसं? मला सांगायचं हुतंस. मी तुला आमच्या दादांचं दिलं असतं, ते बंदबी हाय."

घड्याळावर ३०० असं लिवलेलं. तेवढं मला वाचाय येतंय. त्यो म्हणला, तीनशे मीटर खोल पाण्यात चालतंय. मी म्हणलो, "आन तू?" त्यो म्हणला, "मी तिसातच मेटाकुटीला येतो." भोवतीनं एक कडी हुती, करकर वाजत फिरायची. पाण्यात शिरताना ती फिरवून ठेवायची, म्हंजे आत जाऊन किती वेळ झाला, हवा किती उरली ते कळतंय. ह्ये सांगताना त्येचा आवाज बारीक झाला. मला तवा कळलं की ते घड्याळ त्यो मिरवायला घालत न्हाय.

मग दर सुट्टीला त्यो यायचा आन घड्याळ आणखी बिघडलेलं दिसायचं. म्हंजे मला बिघडलेलं दिसायचं. आधी तपकिरी झालं, मग कडेकडेनं हिरवं धरलं, कडीच्या खाचांत तर पार मोरपिशी. आमच्या धंद्यात असलं भांडं आलं की आम्ही म्हणतो, ह्या घरात कुणी बाईमाणूस न्हाय. एकदा मी म्हणलो, "आण हिकडं, दोन मिनटांत नवं करतो." त्यो म्हणला, "आत्ता नको."

आत्ता नको. ह्येचा मी काय अर्थ घ्यायचा? माझी सगळी गिऱ्हाईकं तेच म्हणत्यात आन कधीतरी येत्यात.

ह्या पावसाळ्यात त्यो सुट्टी नसताना आला. पाण्याखाली असताना डाव्या कानात कायतरी फुटलं हुतं. चालताना भिंत धरून चालायचा. जमीन फिरती म्हणायचा. विहिरीच्या तळातनं कळशी काढणारा माणूस अंगणातनं संडासापतूर जाताना दोनदा बसायचा. मी चेष्टा केली, म्हणलो, "न पिता झिंगाय लागलास, खर्च वाचला." त्यो हसला न्हाय, तरी मी दुसऱ्यांदा तीच चेष्टा केली. माझं असंच हाय. एखादी गोष्ट लागली न्हाय की मी ती जोरात मारतो.

मिरजेच्या दवाखान्यात कानाचं आपरेशन ठरलं. त्येचं एकच म्हणणं, कान एकदा शिवला की दिवाळीनंतर परत गोव्याला. त्येच्या बायकोचं, म्हंजे वैनीचं म्हणणं, आता पुरं. दोघंबी माझ्याकडं बघायची आन मी चहाकडं बघायचो.

नवरात्राच्या दुसऱ्या माळेला त्यो मिरजेला निघाला. जीप माझ्या दुकानाम्होरं थांबली. वैनी पुढं बॅग घेऊन बसलेली. त्यो जीपच्या दाराला धरून उतरला, हातातलं घड्याळ काढलं आन फळीवर ठेवलं. जितं बायका समई ठेवत्यात, बरूबर तितंच.

"दवाखान्यात चालत न्हाय म्हणं. हिच्या मनगटात ऱ्हाईना. तू घाल. ह्येला शेल न्हाय, हात हलता असला तरच चालतंय."

"म्हंजे मालक बसला की ह्येबी बसलं. गुणाचं हाय."

त्येनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधाराला ठेवला का मायेनं, ते मला अजून कळलेलं न्हाय. म्हणला, "बघ जरा ह्येच्याकडं."

आन जीप गेली.

आता तुम्ही म्हणशीला, खुळ्या, त्येला सांभाळ म्हणायचं हुतं. मलाबी आता कळतंय. पर तवा मोटर चालू हुती, फळीवर नऊ समया, दोन तांब्याचे हंडे, एक देवीचा मुखवटा, नवरात्राची घाई, आन त्या सगळ्याच्या मधी ते हिरवं घड्याळ. सगळ्यांच्या मालकांनी एकच वाक्य बोललेलं.

तरी मी लगीच हात लावला न्हाय. पाच-सहा दिवस मनगटाला बांधून फिरलो. बाही वर सारून चहा प्यालो. ज्येनं येळ इचारली न्हाय त्येलाबी सांगितली. थांबू ने म्हणून बसल्याबसल्या हात हलवायचो. बायको म्हणली, "कुणाला टाटा करताय?" मनगटाला हिरवा पट्टा उठला, तवा ती घाबरली, तिला वाटलं हात कुजतोय. एक दिवस चहाच्या गाड्यावर एक परका माणूस माझ्याकडं बघत हुता. म्हणला, "पावणं, घड्याळाला बुरशी आलीया तुमच्या."

गाडीवाला म्हणला, "आवो, ह्येंचं भांडी उजळायचं दुकान हाय!"

"काय सांगता!" त्यो पावणा म्हणला आन असा हसला की त्येचा चहा नाकातनं आला.

मी बी हसलो. पर ते मला लागलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं घासूनपुसून पुजायची. मी मोटर पुसली, चाक झाडलं, पकडी, कानस, समदं मांडलं. मग मनगटाकडं बघितलं. म्हणलो, ह्ये बी हत्यारच की. एका पाणबुड्याचं हत्यार. त्यो तिकडं डोकं बांधून पडलाय, त्येच्या हत्याराची पूजा कोण करणार? आन असल्या हिरव्या अवतारात देवीम्होरं कसं ठेवायचं?

पट्टा काढला. काचंवर चिकटपट्टी लावली, तेवढी अक्कल चालली. चिंच भिजवून घेतली, मीठ टाकलं आन मोरीत बसलो. पाठनं बायको म्हणली, "त्येंस्नी इचारलंय का?" म्हणलो, "त्येनं सांगूनच ठेवलंय." चिंच लावल्याबरूबर हिरवं सुटाय लागलं. कडीच्या खाचांतलं निघंना, तितं दात घासायचा जुना ब्रश घातला. गाणं म्हणत हुतो, ह्ये पण सांगतो, कशाला लपवू. हिरवं पाणी मोरीतनं गेलं, मागनं तपकिरी गेलं. वर दोन तांबे पाणी ओतलं. मग चाकाला लावलं, हलक्या हातानं. असलं काम मी कुठल्या देवीचंबी केलेलं न्हाय. सोन्यावानी झालं. पहिल्या दिवशी हुतं त्येच्याहूनबी जास्त. पाटावर ठेवून हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, आन माझं मलाच डोळ्यात पाणी आलं की मी किती चांगला माणूस हाय.

दसऱ्याला दुपारी त्यो मिरजेसनं परत आला म्हणून कळलं. संध्याकाळी सोनं द्यायला गेलो. सोप्यात बाजेवर बसला हुता, डोक्याला पांढरी पट्टी. डावा कान गेला म्हणली वैनी, उजवा शाबूत हाय, मोठ्यानं बोलायची गरज न्हाय. ती आत गेली. मी आपट्याची पानं खिशातच ठेवली. मोठी गंमत डोक्यात आलती. मुठीत घड्याळ धरलं आन त्येच्याम्होरं मूठ उघडली.

"घे. सोनं घे."

त्येनं हातात घेतलं. उलटंपालटं केलं.

"कुणाचं हाय?"

"तुझंच की!"

मी हसलो. सोप्यात मी एकटाच हसत हुतो. त्येनं कडी फिरवली. करकर वाजली. मग खाचंत नख घातलं आन एक एक खाच करत पुढं गेला, कायतरी हुडकावं तसं. एकेक खाच मोकळी. माझ्या कामात डाग सापडत न्हाय.

"हितं," म्हणला, "काळपट हुतं. मालाची बोट बुडाली हुती, तिच्या खाली तीन आठवडं काम केलं तवाचं. हितं खाली फिकं हुतं. ते मालवणकडचं." बोट मागल्या अंगाला नेलं. "हिकडं बाहीत झाकायचं, हितं कायच धरलं न्हवतं. तुला ठावं हाय? मी अंधारात बोट फिरवलं तरी मला कळायचं."

मी म्हणलो, "आरं पर तूच म्हणलास..."

"काय म्हणलो?"

"बघ जरा ह्येच्याकडं."

त्यो माझ्याकडं लई येळ बघत बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. विहिरीवर त्येच्या शिव्या मी लई खाल्ल्यात, त्या पोटात बसत्यात. ह्ये बघणं कुठं ठेवायचं ते मला कळंना.

वैनी पाणी घेऊन आली. तिनं सांगितलं, डॉक्टरनं पाणी कायमचं बंद केलंय. समुद्र न्हाई, विहीर न्हाई, डोक्यावरनं आंघोळ करतानाबी कानात कापूस. ती सांगत हुती तसा त्येनं घड्याळ उशीखाली सारलं. बांधलं न्हाई. हात न हलता ते थोड्या येळानं थांबलं असंल.

येताना रस्त्यात मी बाजूला उभं ऱ्हाऊन खिशातली आपट्याची पानं काढली आन काय करावं कळंना म्हणून परत खिशात ठेवली. त्येच्याकडं पाण्याचं तेवढंच उरलं हुतं. आन मी ते मोरीत सोडून वर दोन तांबे ओतलं हुतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. म्हणलो, "दे हिकडं, परत हिरवं करून देतो. चिंचेनं जातंय तर कशानं तरी येत असंलच की." त्यो बोलला न्हाय. तिसऱ्या दिवशी गेलो, बोलला न्हाय. मला वाटलं आपरेशनमुळं ऐकू येत न्हाय. मी आवाज वाढवला. मी विनोद सांगितलं, त्येचं आवडतं सगळं, डब्याला भोक असलेलंबी. शेजारची माणसं हसली. त्यो रस्त्याकडं बघत ऱ्हायला. मला दुसरं काय नको हुतं. एकदा मला "खुळ्या" म्हणू दे, बास.

मग मी ठरवलं की आधी करून दाखवायचं. घरात आईची काशाची वाटी हुती. आई गेल्यापास्नं तिच्या तळपायाला घासलेली ती वाटी कुणी हलवली न्हवती. मी ती काढली. मिठाच्या पाण्यात बुडवली. दही फासलं. ओल्या फडक्यात मीठ घालून गुंडाळली आन परसात टांगली. म्हशीच्या गोठ्यात ठेवली की लवकर धरतंय असं एकानं सांगितलं, तितंबी ठेवली, म्हशीनं तिच्यावर पाय दिला. बायको म्हणली, "सासूबाईंची वाटी हाय ती! जलमभर दुसऱ्याची भांडी उजळलासा आन घरातलं एक हाय ते कुजवाय लागलासा!" मी म्हणलो, गप ग, शास्त्र हाय ह्यात.

पंधरा दिवसांत वाटी हिरवी झाली. खरं सांगायचं तर नळाखालच्या फरशीवानी झाली, हितं डाग, तितं डाग, आन वासबी येत हुता. पर हिरवी हुती. कागदात गुंडाळली आन निघालो.

त्यो सोप्यातच हुता. बाज भिंतीकडनं फिरवून आता दाराकडं तोंड करून टाकली हुती. मी शेजारी बसलो, कागद सोडला, वाटी त्येच्या मांडीवर ठेवली. म्हणलो, "बघ. ही घरातली हाय, पहिलीच येळ हाय, म्हणून जरा दाट झालीया. घड्याळाला मी हळूहळू करीन. जितं काळपट हुतं तितं काळपट, जितं फिकं हुतं तितं फिकं. तू नुसतं बोट ठेवून दाखव. मी तसं करतो. गोव्यासनं खरं पाणी आणू आपण, कॅनमधनं. मी स्वता जातो आणाय. ऐकतोयस न्हवं?"

त्येनं वाटी मांडीवरनं उचलून बाजेवर ठेवली, हळूच, गरम असावी तशी. रस्त्यावरनं एक पोरगी सायकल ढकलत चाललेली, तिच्याकडं बघत ऱ्हायला.

मी आणखी वरडून सांगितलं. पहिल्यापास्नं, सगळं, कॅनसकट. समोरच्या घरातली म्हातारी दारात येऊन उभी ऱ्हायली. माझा घसा बसाय आला तवा वैनी आतनं आली. तिच्या हातात चहा न्हवता.

"भाऊजी, कशाला वरडताय? उजव्या कानानं त्येंस्नी सगळं ऐकू येतंय. तुम्ही आला की ते मुद्दाम डावा कान तुमच्याकडं करून बसत्यात."